तरुण मुलं ऑनलाइन बेफिकीर असतात, हे मला पटत नाही

टिपकागद

अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींशी ऑनलाइन सुरक्षिततेबद्दल बोलणं हा माझ्या कामाचा भाग आहे. या विषयावर मोठ्यांशी गप्पा सुरू झाल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आजकालच्या पोरांना कशाचीच भीती नाही, सगळं चव्हाट्यावर मांडतात." हे मला पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर मांडायचंय, म्हणून हा धागा.

ही मुलं काय काय करतात ते पाहा. एकाच अॅपवर दोन अकाउंट ठेवतात, एक जगासाठी आणि एक मोजक्या जिवलगांसाठी. स्टोरी टाकताना नातेवाइकांना वगळतात. जुने फोटो अधूनमधून बसून आर्काइव्ह करतात. 'लास्ट सीन' बंद, ब्लू टिक बंद. कुणी टॅग केलेला फोटो स्वतः पाहिल्याशिवाय प्रोफाइलवर येऊ देत नाहीत. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली तर आधी कुठली चॅट लपवायची ते त्यांना बरोबर माहीत असतं. याला बेफिकिरी कसं म्हणायचं? रोज, न कंटाळता केलेली राखण आहे ही.

फक्त ती राखण ओळखीच्या माणसांपासून असते. आईबाबा, आधीचा बॉयफ्रेंड, वर्गातली मंडळी, उद्याचा बॉस. ज्यांनी आपल्याला कधी पाहिलेलंही नाही असे दोघं त्या हिशेबात येतच नाहीत. एक म्हणजे आपली माहिती गोळा करणारी कंपनी, आणि दुसरा म्हणजे फुटलेल्या पासवर्डांची यादी घेऊन हजारो अकाउंटांवर यंत्राने हात मारून बघणारा चोर. लास्ट सीन बंद करणाऱ्या याच मुलीचा पासवर्ड शाळेपासून एकच असतो, फार तर शेवटी एखादा आकडा वाढवलेला.

२००६ मध्ये सुझन बार्न्स यांनी अमेरिकेतल्या सोशल नेटवर्किंगवर लिहिताना 'प्रायव्हसी पॅराडॉक्स' अशी मांडणी केली. तेव्हापासून 'बोलतात एक, वागतात दुसरंच' असा शिक्का तरुणांवर बसलाय. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या नुकसानीला चेहरा आहे, तिच्यापासून माणूस सावध राहतो. वर्गासमोर शोभा झाली तर ती आजच कळते. आपला ईमेल आणि पासवर्ड कुठल्याशा यादीत गेला, तर ते वर्षानुवर्षं कळत नाही.

आणि म्हणूनच 'सावध राहा, सावध राहा' हा आपला जप फुकट जातो असं मला वाटतं. सावध ती आहेतच. त्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी एकदाच करून ठेवायचे बंदोबस्त सांगायला हवेत. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः इथल्या तरुण सदस्यांनी लिहावं.

धूमकेतू

निरीक्षण उत्तम, पण निष्कर्ष जरा जास्तच मायेचा वाटला.

ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांना मी रोज बघतो. दिवसभर स्क्रीनसमोर असल्यामुळे आपल्याला कोण फसवणार, असा त्यांचा ठाम समज असतो. आमच्याकडे अधूनमधून खोटी ईमेल पाठवून चाचणी घेतात. पन्नाशीचा माणूस "ही लिंक उघडू का?" असं विचारायला येतो. ही मुलं विचारत नाहीत, चालता चालता फोनवर क्लिक करून मोकळी होतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे फसवणुकीच्या ज्या तक्रारी येतात त्यांतही हेच चित्र वर्षानुवर्षं दिसतंय. तक्रार करणाऱ्यांपैकी प्रत्यक्षात पैसे गमावल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण सत्तरी ओलांडलेल्यांपेक्षा विशीतल्यांमध्ये जास्त आहे. वयस्कर माणूस फसतो तेव्हा रक्कम मोठी जाते हे मान्य. पण फसतात जास्त तरुण. याला बेफिकिरी नाही तर काय म्हणायचं?

टिपकागद

धूमकेतू, आकडेवारीबद्दल सहमत. कारणाबद्दल नाही.

विशीतला माणूस नोकरी शोधत असतो, भाड्याने खोली शोधत असतो, जोडीदार शोधत असतो, आणि हे सगळं अनोळखी माणसांशी फोनवर बोलूनच करावं लागतं. सत्तरीच्या माणसाला अनोळखी नंबरवरून 'तुमची निवड झाली आहे' असा निरोप आला तर तो चक्क दुर्लक्ष करू शकतो. बावीस वर्षांच्या बेकार मुलीला ते परवडत नाही. तिने चाळीस ठिकाणी अर्ज केलेले असतात, त्यांतल्या कुणाचाही तो निरोप असू शकतो.

घरबसल्या कामाच्या नावाखाली चालणारी फसवणूकच घ्या. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या, एवढंच काम. सुरुवातीला थोडे पैसे खरोखर मिळतात. ग्रुपमध्ये इतर 'कामगार' आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, ती सगळी त्याच टोळीची माणसं. मग 'पुढच्या पातळीचं काम उघडण्यासाठी' पैसे भरायला सांगतात. भरले की स्क्रीनवर शिल्लक वाढलेली दिसते, पण काढता येत नाही. काढायची तर आणखी भरा. यात मूर्खपणा कुठे आहे? गरज नेमकी हेरून रचलेला सापळा आहे तो. पगार देणारा कधी आपल्याकडून पैसे मागत नाही, हे एक वाक्य पक्कं डोक्यात बसलं तर या प्रकारातून बहुतेक सुटका होते. लिंकचं स्पेलिंग तपासायला शिकवण्यापेक्षा मला ते वाक्य जास्त उपयोगाचं वाटतं.

मोरपीस

धूमकेतू, त्या खोट्या ईमेलच्या चाचण्यांमुळे उलटंच होतं असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे चुकलेल्यांची यादी सगळ्यांसमोर लावायचे. परिणाम असा झाला की खरोखर काही चुकीचं उघडलं गेलं तरी कुणी सांगेना. क्लिक झाल्यावर लगेच सांगणारा माणूस हा कंपनीचा सगळ्यात मोठा आधार असतो, आणि त्यालाच आपण लाजवतो.

गवतफूल

मी एकवीस. टिपकागदताई, तुमचं निरीक्षण वाचून दचकायला झालं, कारण ते तंतोतंत माझंच वर्णन आहे. दोन अकाउंट, क्लोज फ्रेंड्सची यादी, सगळंच.

पासवर्डबद्दल मात्र प्रामाणिकपणे विचारते. माझी शंभरएक तरी अकाउंट असतील. कॉलेजचं पोर्टल, तिकिटं, गेम, खरेदी, फोटो एडिट करायची अॅप्स. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड ठेवा आणि कुठे लिहूनही ठेवू नका, हे माणसाच्या डोक्याला शक्य आहे का? शिवाय माझ्या अकाउंटात चोरायला आहे तरी काय? बँकेचा पासवर्ड मी वेगळाच ठेवलाय. बाकी कुणी माझं गेमचं अकाउंट घेतलं तर घेऊ दे.

पाणकावळा

+१. आणि खरं सांगायचं तर आमची माहिती केव्हाच गेलेली आहे. दर दोन महिन्यांनी कुठल्यातरी कंपनीची 'आपली माहिती उघड झाल्याबद्दल दिलगीर आहोत' अशी ईमेल येते. आता दार लावून काय उपयोग?

कोरापान

गवतफूल, शंभर पासवर्ड लक्षात ठेवणं शक्य नाही, अगदी बरोबर. ते शक्य आहे असं गृहीत धरून वर्षानुवर्षं सल्ले दिले गेले, हा दोष तुमचा नाही.

थोडा इतिहास सांगतो. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल, हा सगळा प्रकार अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत बिल बर यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेल्या मार्गदर्शक सूचनांमुळे जगभर रूढ झाला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने हे नियम मागे घेतले. चिन्हांची सक्ती नको, ठरावीक काळाने बदलायला लावणं नको, लांबी महत्त्वाची, आणि फुटलेल्या याद्यांत असलेला पासवर्ड नाकारा, असं नवं धोरण आलं. खुद्द बर यांनीही त्या वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा वाढवतो, आणि पासवर्ड फोडणाऱ्या यंत्राला ते आधीच माहीत असतं.

आता 'चोरायला काय आहे' याबद्दल. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे, उघड्या स्वरूपात फुटले. ती फोटो आणि छोट्या गेमची अॅप्स बनवायची, म्हणजे तुम्ही म्हणता तशीच 'गेली तर गेली' वर्गातली. त्या यादीत सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. ती यादी पासवर्ड फोडण्यासाठी अजून वापरली जाते. गेमचं अकाउंट कुणालाच नको असतं. तिथला ईमेल आणि पासवर्ड इतर दोनशे ठिकाणी चालतो का, हे मात्र यंत्र एका रात्रीत तपासतं.

आणि नुकसान फक्त आपलंच होतं असंही नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या जनुकीय चाचणी करणाऱ्या कंपनीत असंच झालं. चोरांनी कंपनीचं सर्व्हर फोडलं नव्हतं. दुसरीकडे फुटलेले पासवर्ड इथे लावून पाहिले आणि साधारण १४,००० अकाउंटं उघडली. पण त्या अकाउंटांना नातेवाइकांची माहिती दिसत होती, त्यामुळे जवळजवळ ६९ लाख माणसांचा तपशील बाहेर गेला. त्यांतल्या बहुतेकांचा स्वतःचा पासवर्ड कदाचित भक्कमही असेल.

टिपकागद

कोरापान, हे शेवटचं उदाहरण मी मुलांना नक्की सांगणार. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' याला सगळ्यात चांगलं उत्तर तेच आहे. तुमच्याकडे नसेल, पण तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या मैत्रिणीकडे असेल. तिने तुमच्यावर विसंबून रात्री दोन वाजता लिहिलेले मेसेज तुमच्याच अकाउंटात आहेत.

पाणकावळा, तुमची निराशा मला समजते. पण 'केव्हाच गेली' म्हणताना काय गेलं ते पाहायला हवं. जन्मतारीख गेली तर ती बदलता येत नाही, पासवर्ड बदलता येतो. आणि उद्या तुम्ही जे लिहिणार आहात, काढणार आहात, जिथे जाणार आहात, ते अजून कुठेही गेलेलं नाही.

पाणकावळा

हा मुद्दा पटला. पण मग नेमकं करायचं काय? पासवर्ड मॅनेजर वापरा असं सगळे सांगतात. सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवायचे आणि ती जागाच फुटली तर? तसं झालेलंही आहे.

कोरापान

झालंय, २०२२ मध्ये. लास्टपास या पासवर्ड मॅनेजर बनवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते, पण वेबसाइटांचे पत्ते उघडे होते. ज्यांचा तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड कच्चा होता किंवा ज्यांच्या जुन्या अकाउंटांची कूटबद्धता कमजोर राहिली होती, त्यांना खरा धोका होता. मुख्य पासवर्ड लांब आणि इतर कुठेही न वापरलेला असणाऱ्यांची तिजोरी फोडणं फार अवघड होतं. म्हणजे तुमची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर 'मॅनेजर नको' असं नाही. 'मुख्य पासवर्ड भक्कम हवा' असं आहे. एकच पासवर्ड शंभर ठिकाणी वापरणं म्हणजेसुद्धा सगळं एकाच ठिकाणी ठेवणंच की, तेही कूटबद्ध न करता.

मुख्य पासवर्डसाठी डाइसवेअर नावाची जुनी, साधी पद्धत आहे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली. पाच फासे टाकायचे, आलेल्या पाच आकड्यांसमोर यादीत जो शब्द असेल तो घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात. असे सहा शब्द घेतले की यंत्राला अंदाज बांधणं अशक्यप्राय होतं, आणि माणसाला आठवडाभरात पाठ होतात. शब्द मनाने निवडायचे नाहीत, फाशांनीच निवडायचे. मनाने निवडलेल्या शब्दांत आपला स्वभाव उतरतो.

फोनमध्ये आलेला पासवर्ड मॅनेजरसुद्धा बहुतेकांना पुरेसा आहे. वेगळं अॅप घ्यायलाच हवं असं नाही.

आणि माझा पासवर्ड कुठे फुटलाय का, हे पाहायला ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट आहे. तिथे पासवर्ड तपासताना तो तुमच्या यंत्राबाहेर जात नाही. त्याचा एक ठसा काढला जातो आणि त्या ठशाची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. साइट त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे ठसे परत देते, आणि जुळतो का ते तुमचंच यंत्र पाहतं.

मोरपीस

पासवर्डवर चांगलं चाललंय, पण टिपकागद यांच्या मूळ मुद्द्याकडे परत यावंसं वाटतं. ओळखीच्या माणसांपासून मुलं राखण करतात असं त्या म्हणतात. एक ओळखीचा माणूस त्यातून कायम सुटतो. प्रेमातला जोडीदार.

मी समुपदेशनाचं काम करते. लोकेशन शेअर करणं आता प्रेमाची खूण झाली आहे. मित्रमैत्रिणी आत्ता कुठे आहेत ते दाखवणारा स्नॅपचॅटचा नकाशा २०१७ मध्ये आला, आणि त्याआधीपासून फोनमध्येच ती सोय होती. मैत्रिणी एकमेकींना रात्री घरी पोचेपर्यंत लोकेशन देतात, ती फार चांगली सवय आहे. पण जोडीदाराला दिलेलं लोकेशन कायमचं असतं, आणि बंद केलं की प्रश्न येतो, "काय लपवतेयस?" पासवर्ड एकमेकांना देणं हाही विश्वासाचा पुरावा मानला जातो. नातं चांगलं असेपर्यंत कुणालाच काही वाटत नाही. तुटलं की त्या मुलाला किंवा मुलीला आठवतही नाही की आपलं व्हॉट्सअॅप समोरच्याच्या लॅपटॉपवर अजून उघडं आहे, क्लाउडमधला अल्बम दोघांचा आहे, आणि ईमेल परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर त्याचा आहे.

ब्रेकअपनंतर फोटो डिलीट करायला सगळे बसतात. 'लिंक्ड डिव्हायसेस', म्हणजे आपलं व्हॉट्सअॅप आणखी कुठे उघडं आहे त्याची यादी, कुणी पाहत नाही. ते पाहायला हवं, आणि बहुतेक महत्त्वाच्या अकाउंटांत 'सगळीकडून लॉग आउट करा' असा पर्याय असतो, तो वापरून मग पासवर्ड बदलायला हवा. आयफोनवर २०२२ पासून 'सेफ्टी चेक' आहे, कुणाला काय दिसतंय ते त्यात एकत्र पाहता येतं. आपल्या नकळत बॅगेत टाकलेल्या ट्रॅकरचाही, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळवणाऱ्या छोट्या उपकरणाचाही, विचार करावा. २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर असा अनोळखी ट्रॅकर आपल्याबरोबर फिरत असेल तर सूचना येते. ती सूचना पुसून टाकू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. समोरचा माणूस धमकावणारा किंवा हात उचलणारा असेल, तर सगळं एकदम बंद करू नका. लोकेशन अचानक बंद झालेलं त्याला लगेच कळतं, आणि तोच सगळ्यात धोक्याचा क्षण ठरू शकतो. आधी विश्वासातल्या माणसाशी किंवा अशा प्रसंगात मदत करणाऱ्या संस्थेशी बोला. तेही दुसऱ्याच्या फोनवरून. राहायची सोय ठरू दे, मग बंद करा.

टिपकागद

मोरपीस, मनापासून धन्यवाद. हा माझ्या मांडणीतला कच्चा दुवा होता. मी 'ओळखीची माणसं' असा एकच गट धरला होता. ज्या माणसापासून राखण करायची कल्पनाही अपमानास्पद वाटते, त्याच्याचकडे सगळ्या चाव्या असतात.

धूमकेतू

मोरपीस यांचा प्रतिसाद मुलीला पाठवला.

लोकेशनवरून स्ट्राव्हाचा नकाशा आठवला. धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या या अॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटा एकत्र करून नकाशा प्रसिद्ध केला. नावं नव्हती, काही नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की ओसाड भागांत लष्करी तळांच्या आतल्या रस्त्यांचे आकार त्यावर लख्ख दिसतायत, कारण सैनिक तिथे व्यायाम करताना अॅप लावत होते. हे जगाच्या नजरेस आणून देणारा नेथन रुझर हा ऑस्ट्रेलियातला वीस वर्षांचा विद्यार्थी होता. तरुणांना जमत नाही असं मला म्हणायचं नव्हतं, हेही या निमित्ताने सांगतो.

अबोली

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मित्राला एका मुलीने, म्हणजे मुलीच्या नावाच्या अकाउंटने, व्हिडिओ कॉल केला आणि आता त्याचं रेकॉर्डिंग त्याच्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवू म्हणून पैसे मागतायत. यादीचा स्क्रीनशॉटही पाठवलाय. त्याने एकदा पैसे दिले. आज परत मागणी आली. तो घरी सांगायला तयार नाही, कॉलेजलाही जात नाहीये. काय करावं?

मोरपीस

अबोली, सगळ्यात आधी : तो एकटा नाही, आणि यात त्याची काही चूक नाही. हा टोळ्यांचा धंदा आहे आणि त्यात तरुण मुलांना मुद्दाम गाठलं जातं. मुलगे कुणाला सांगणार नाहीत, हे त्या टोळ्यांना पक्कं माहीत असतं.

आता यापुढे पैसे अजिबात द्यायचे नाहीत. पैसे दिले की हा माणूस देतो अशी नोंद होते आणि मागणी वाढते. उत्तर देणं थांबवायचं. घाबरून चॅट किंवा अकाउंट डिलीट करायचं नाही. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे : मेसेज, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील. मग त्या अॅपमध्ये तक्रार करायची आणि ब्लॉक करायचं. आपली फॉलोअर्सची यादी खासगी करायची. पैसे ज्या मार्गाने गेले तिथेही लगेच कळवायचं, आणि पोलिसांच्या सायबर गुन्हे विभागाकडे तक्रार द्यायची.

पुष्कळदा उत्तर आणि पैसे दोन्ही थांबले की ते पुढच्या माणसाकडे वळतात. पण नेहमीच तसं होतं असं सांगून मी खोटा दिलासा देणार नाही. पाठवलंच तर काय, याची तयारी म्हणून दोन-तीन जवळच्या मित्रांना त्याने स्वतःच आधी सांगून ठेवावं. "माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका, रिपोर्ट करा", इतकंच. त्या धमकीची सगळी ताकद गुपितात असते, आणि तीन माणसांना माहीत झालं की ती निम्म्याने उतरते.

आणि आज रात्री त्याला एकटं सोडू नका. कॉलेजला न जाणं, कुणाशी न बोलणं याकडे मी गंभीरपणे बघते. तुम्ही किंवा कुणीतरी त्याच्यासोबत राहा. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल तो काही बोलला असेल तर त्याला राग येईल का याचा विचार न करता घरच्यांना सांगा, आणि तात्काळ मदत मिळवा.

कोरापान

मोरपीस यांनी सांगितलंच, त्यात एक भर. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सेवा डिसेंबर २०२१ पासून आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. त्यात फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा ठिकाणी कुणी तेच चित्र चढवायला गेलं तर ओळखता येतं. यासाठी मूळ फाइल स्वतःकडे असावी लागते, म्हणून समोरच्याने धमकीसाठी ती पाठवली असेल तर पुसू नका. जी कंपनी सहभागी नाही तिथे याचा उपयोग नाही, आणि कूटबद्ध खासगी मेसेजमध्येही नाही.

चित्र अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीचं असेल तर त्यासाठी 'टेक इट डाउन' आहे. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ती सेवा २०२३ पासून चालू आहे. नाव द्यावं लागत नाही.

अबोली

मी आत्ता त्याच्याकडेच निघालेय. थँक्यू ताई, थँक्यू दादा. स्क्रीनशॉट आहेत, सुदैवाने काही डिलीट केलेलं नाही.

रानवाटा

अबोली, कळवत राहा. इथे आम्ही आहोत.

मी एकोणीस वर्षांच्या मुलाचा बाप. वरचं वाचून एकच विचार मनात आहे : माझ्या मुलावर अशी वेळ आली तर तो मला सांगेल का? बहुधा नाही, कारण मी त्याला फोनवरून कायम बोलत आलोय. यात काही करता येतं का?

गवतफूल

काका, मी त्याच्याच वयाची म्हणून सांगते. आम्ही सांगत नाही याचं कारण रागाची भीती एवढंच नसतं. फोन काढून घेतील, अकाउंट बंद करायला लावतील, ही भीती जास्त असते. आमचं सगळं जग त्यात आहे. फसलेल्यालाच शिक्षा होणार असेल तर कोण सांगेल? तुम्ही त्याला आजच, काहीही झालेलं नसताना, स्पष्ट शब्दांत सांगा की "काहीही झालं तरी तुझा फोन काढून घेणार नाही, आणि आधी काय करायचं ते बघू, का केलंस ते नंतर". आणि मग खरंच तसं वागा. माझ्या आईने हे सांगितलेलं आहे, आणि मी तिला दोनदा येऊन सांगितलंय.

टिपकागद

गवतफूलने सांगितलं त्यात मी काही घालत नाही. फक्त एक. मुलाला तुमच्या फोनचं काही विचारा. "ही ईमेल खरी वाटते का रे?" असं तुम्ही चार वेळा विचारलंत की पाचव्या वेळी विचारणं त्यालाही सोपं जातं.

गायब होणाऱ्या मेसेजबद्दलही त्याच्याशी जमलं तर बोला. या वयाचा त्यांच्यावर फार विश्वास असतो. मेसेज कायमचे नाहीसे होतात असं स्नॅपचॅट सांगायचं, आणि तसं होत नव्हतं म्हणून २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनबरोबर त्या कंपनीला तडजोड करावी लागली होती. स्क्रीनशॉटची सूचना चुकवता येते, दुसऱ्या फोनने फोटोही काढता येतो. मेसेज गायब करणारं अॅप आपला पसारा कमी करायला छान आहे. समोरच्याने जपून ठेवायचं ठरवलं तर ते त्याला अडवू शकत नाही.

गवतफूल

बरं, आता मला सांगा, मी सुरुवात कुठून करू? शंभर पासवर्ड बदलायला बसले तर परीक्षा बुडेल.

कोरापान

शंभर बदलू नका. आज फक्त ईमेलचा बदला. बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतात, त्यामुळे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळंच. तिथे लांब, वेगळा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी. ही पडताळणी किती उपयोगी आहे ते गूगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. नुसता एसएमएसवर येणारा कोडसुद्धा यंत्राने केलेले सगळे हल्ले अडवतो, घाऊक फिशिंगचे (खोट्या ईमेल किंवा साइटने पासवर्ड काढून घेण्याचे) ९६ टक्के आणि एखाद्यालाच लक्ष्य करून केलेल्यांपैकी ७६ टक्के. फोनवर येणारी 'हे तुम्हीच का' अशी सूचना वापरली तर शेवटचा आकडा ९० वर जातो. एसएमएसचा कोड कमजोर आहे, चोराला तुमच्या नंबरचं सिम काढून तो पळवता येतो, हे सगळं खरं. पण काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

जिथे 'पासकी'चा, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्याच लॉकने आत शिरण्याचा, पर्याय दिसेल तिथे तो घ्या. अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२२ मध्ये त्याला एकत्र पाठिंबा जाहीर केला. पासकी त्या एका वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर ती चालतच नाही. घाईत, झोपेत, चालता चालता क्लिक झालं तरी.

उरलेले पासवर्ड त्या त्या साइटवर पुढच्या वेळी जाल तेव्हा बदला. वर्षभरात बहुतेक सगळे होतील, आणि ज्या साइटवर वर्षभर गेलाच नाहीत ते अकाउंट बंद करून टाका.

गवतफूल

आणि फोनच हरवला तर? मग ती सूचना, पासकी, सगळंच गेलं ना?

कोरापान

पासकी बहुतेक वेळा गूगलच्या किंवा अॅपलच्या खात्याशी जोडलेली असते, नव्या फोनवर परत येते. पण जुना फोन हातात नसताना गूगलच्या खात्यात शिरायला बॅकअप कोड कामी येतात. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू केलीत की सेटिंगमध्ये ते मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका, तो हरवलेल्या फोनबरोबरच जाईल. कागदावर लिहून ठेवा, तुमच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये. एक प्रत आईकडे द्या.